दोन महिन्यांची रात्र

महाराष्ट्रांत थंडी म्हटली कीं हुरडा, बोरें, सकाळचें कोवळें ऊन आणि खणखणीत भूक यांची आठवण होते. आयुर्वेदानेंही हेमंत व शिशिर हे मनुष्याचें बल वाढविणारे ऋतु मानले आहेत. या काळांत जठराग्नि प्रदीप्त असतो, म्हणून पौष्टिक अन्न खावें व व्यायाम करावा, असें वैद्य पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. येथें वर्षांतला सर्वांत लहान दिवसही सुमारें अकरा तासांचा असतो. त्यामुळें हिवाळा कोणाच्या अंगांतलें बळ व मनाची उभारी हिरावून घेत असेल, ही कल्पनाच मराठी मनाला सहजासहजीं पटत नाहीं. परंतु शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं लंडनला गेलेला मराठी तरुण डिसेंबरांत आठ तासांहूनही लहान दिवस पाहतो. तो अंधारांत घराबाहेर पडतो आणि अंधारांतच परततो. कांहीं आठवड्यांत त्याला निराळाच अनुभव येऊं लागतो. पुष्कळ झोपूनही अंथरूण सोडवत नाहीं, गोडाधोडाची वासना वाढते, हातीं घेतलेलें काम पुढें सरकत नाहीं, चार माणसांत मिसळावेंसें वाटत नाहीं. घरीं बोलतांना तो ‘आळस आला आहे’ एवढेंच सांगतो, आणि घरचीं माणसें त्याला नेटानें अभ्यास करण्याचा उपदेश करतात.

या अवस्थेला आळस म्हणणें चुकीचें आहे, तिचें मूळ बहुतांशीं उजेडाच्या अभावांत असतें, हें मनुष्याला शास्त्रशुद्ध रीतीनें कळण्यास फार काळ लागला. तिच्या खुणा मात्र जुन्या ग्रंथांतही सांपडतात. ग्रीक वैद्य अरेटिअस यानें सुस्तीनें ग्रासलेल्या रोग्यास उजेडांत, सूर्याच्या किरणांत निजवावें, कारण त्याचा रोग काळोखाचा आहे, असें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत लिहून ठेवलें. सहाव्या शतकांत जॉर्डानीस या इतिहासकारानें युरोपच्या उत्तर टोकाच्या लोकांविषयीं असें नमूद केलें आहे कीं, उन्हाळ्यांत चाळीस दिवस त्यांचा सूर्य मावळत नाहीं व हिवाळ्यांत तितकेच दिवस उगवत नाहीं. म्हणून त्यांच्या हर्षाला व शोकाला दुसऱ्या कोणत्याही जमातींत तुलना नाहीं.

मराठी वाचकाला अशा दीर्घ रात्रीची ओळख बहुधा लोकमान्य टिळकांच्या ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ या १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळें झाली. रात्रीच्या पैलतीरास सुखरूप पोंचावें अशा ऋग्वेदांतील प्रार्थना आणि दीर्घ उषेचीं वर्णनें यांवरून वैदिक आर्यांचें मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावें, असें अनुमान त्यांनीं काढलें. तें अनुमान आज विद्वान् स्वीकारीत नाहींत. तथापि त्या ग्रंथाशीं निगडित असलेला एक योगायोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. १८९८ च्या आरंभीं टिळक तुरुंगांत होते. मॅक्समुल्लर यांनीं पाठविलेली ऋग्वेदाची आवृत्ति वाचण्याची व त्यासाठीं रात्रीं कांहीं तास दिवा वापरण्याची परवानगी त्यांस मिळाली होती. ज्या वर्षीं ते ध्रुवप्रदेशांतील रात्रीचा विचार करीत होते, त्याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अठरा माणसें तशी रात्र प्रत्यक्ष भोगीत होतीं.

तीं माणसें ‘बेल्जिका’ या जहाजावर होतीं. मूळचें हें नॉर्वेमधील देवमाशांच्या शिकारीचें जहाज. बेल्जियमच्या नौदलांतील आद्रियाँ द जेर्लाश या तरुण अधिकाऱ्यानें तें विकत घेऊन त्याचें नवें नामकरण केलें आणि १६ ऑगस्ट १८९७ रोजीं अँटवर्प बंदरांतून दक्षिणेकडे हाकारलें. बेल्जियन, नॉर्वेजियन, पोलिश, रूमानियन अशा नाना देशांचीं माणसें त्यावर होतीं. पुढें दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणारा रोआल्ड आमुंडसेन हा या जहाजावर पंचवीस वर्षांचा एक अधिकारी होता. रिओ द जानेरो येथें फ्रेडरिक कूक हा अमेरिकन डॉक्टर त्यांस येऊन मिळाला. १८९८ च्या जानेवारींत एक तरुण खलाशी समुद्रांत पडून दगावला. मार्चच्या आरंभीं द जेर्लाशनें जहाज बर्फाच्या रानांत फार आंत नेलें आणि तें तेथेंच अडकून पडलें. दक्षिण ध्रुववृत्ताच्या पलीकडे त्यापूर्वीं कोणत्याही मोहिमेनें हिवाळा काढला नव्हता. या मोहिमेजवळ पुरेसे गरम कपडे नव्हते, दिवे बेताचेच होते, आणि पुढें काय वाढून ठेवलें आहे हें सांगणारा कोणी अनुभवी माणूसही नव्हता.

मेच्या मध्यास सूर्य मावळला तो पुन्हां उगवला नाहीं. दोन महिन्यांहून अधिक काळ क्षितिजावर दुपारच्या सुमारास थोडा संधिप्रकाश दिसे, एवढाच काय तो दिवस. कूकनें रोजच्या रोज आपल्या सोबत्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. चेहरे फिकट, हिरवट पिवळे दिसूं लागले, थोड्याशा श्रमानें हृदय धडधडूं लागे, भूक मंदावली, झोप कधीं येईना, तर कधीं सरेना. विद्वान् शास्त्रज्ञांना एकाग्रतेनें चार ओळी लिहिणें जड जाऊं लागलें. पहिले कांहीं आठवडे गप्पागोष्टी करणारीं माणसें आतां एकमेकांचें तोंड चुकवूं लागलीं, कारण प्रत्येकाच्या सर्व गोष्टी प्रत्येकानें ऐकून झाल्या होत्या. एमिल दांको हा चुंबकशास्त्राचा अभ्यासक पूर्वींच हृदयानें दुबळा होता. तो ५ जून रोजीं मरण पावला. बर्फाला भोंक पाडून त्याचा देह समुद्रांत सोडावा लागला.

जहाजावर ‘नान्सेन’ नांवाचें एक मांजर होतें. तें खलाशांचें फार लाडकें. अंधार सुरू झाल्यावर तें कोपऱ्यांत पडून राहूं लागलें, कोणी जवळ घेतलें तर फिस्कारूं लागलें, आणि जूनच्या अखेरीस मेलें. या लहानशा घटनेचा अर्थ मोठा आहे. माणूस खिन्न झाला तर त्याला धीर नाहीं, श्रद्धा नाहीं, शिस्त नाहीं असें म्हणतां येतें. मांजराला असा दोष कोणी द्यावा? जें त्या प्राण्याला झालें तेंच थोड्याफार फरकानें अठरा माणसांना होत होतें.

कूकची दृष्टि या बाबतींत इतरांहून निराळी होती. १८९१-९२ मध्यें रॉबर्ट पिअरीच्या मोहिमेबरोबर त्यानें उत्तर ग्रीनलंडांत हिवाळा काढला होता. तेथील इन्यूइट लोकांचा उत्साह दीर्घ रात्रींत कसा ओसरतो आणि सूर्य परतल्यावर कसा भरून येतो, हें त्यानें पाहिलें होतें. सील व इतर प्राण्यांचें ताजें मांस खाणाऱ्या त्या लोकांस रक्तपिती, म्हणजे खलाशांचा जुना वैरी असलेला स्कर्व्ही रोग, होत नाहीं हेंही त्याच्या लक्षांत आलें होतें. म्हणून त्यानें सोबत्यांना उपदेश न करतां रोगी मानून उपचार सुरू केले.

त्याचा पहिला उपचार अन्नाचा होता. डबाबंद अन्न बंद करून पेंग्विन व सील यांचें ताजें मांस खावें, असा त्यानें आग्रह धरला. त्या मांसाची चव बहुतेकांना मुळींच आवडत नसे; खुद्द द जेर्लाशलाही त्याचा तिटकारा होता. अशक्तपणानें अंथरुणास खिळल्यावरच पुष्कळांनीं तें औषध म्हणून गिळलें. दुसरा उपचार अग्नीचा. ज्याची नाडी क्षीण झाली त्याला कपडे उतरवून रोज तासभर शेगडीच्या उघड्या ज्वाळांसमोर उभें करावयाचें, म्हणजे ऊब आणि उजेड दोन्ही थेट अंगावर पडतील. सूर्य नाहीं तर निदान त्याच्या जागीं अग्नि तरी असावा, हा त्यांतला साधा विचार. तिसरा उपचार चालण्याचा. जहाजाभोंवतीं बर्फावर वाट करून सर्वांनीं ठराविक वेळ फेऱ्या घालाव्या, असा नियम झाला. खलाशांनीं थट्टेनें त्या वाटेला वेड्यांच्या इस्पितळांतील फेरफटक्याचें नांव दिलें. याखेरीज सर्वांना हंसत ठेवण्याचें व कामाला लावण्याचें कर्तव्य कूकनें आपल्या शिरावर घेतलें.

जहाजाचा कप्तान जॉर्ज लकोएंत याची अवस्था इतकी बिघडली कीं त्यानें मृत्युपत्रही करून ठेवलें. कूकनें त्याला ताज्या मांसावर व शेगडीसमोर ठेवलें आणि थोड्याच दिवसांत तो उठून बसला. हें पाहून इतरांचाही विश्वास बसला. २३ जुलैच्या सुमारास सूर्याची कोर क्षितिजावर दिसली, तेव्हां जहाजावरचीं सतरा माणसें जिवंत होतीं.

येथें एक विवेक अवश्य केला पाहिजे. ‘बेल्जिका’वरील सगळें दुखणें अंधाराचें नव्हतें. त्यांतला मोठा भाग स्कर्व्हीचा होता आणि तो ताज्या मांसानें हटला. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध पुढें १९३० च्या आसपास लागला. कूकला तें कारण ठाऊक असणें शक्य नव्हतें. कोणत्या उपायानें कोणता रोग गेला हें त्याला वेगळें करून दाखवितां आलें नाहीं. परंतु शरीर, उजेड, चालणें आणि सोबत या चार गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत, हें त्यानें अनुभवानें ताडलें. सूर्य परतल्यावरही संकट संपलें नाहीं. एका खलाशाचें मन पुढें कायमचें बिघडलें, आणि उन्हाळा आला तरी बर्फ फुटेना. १८९९ च्या जानेवारींत सर्वांनीं करवती व स्फोटकें घेऊन मोकळ्या पाण्यापर्यंत बर्फांतून कालवा कापण्यास सुरुवात केली. महिनाभर अधिकारी, शास्त्रज्ञ व खलाशी एकाच रांगेंत राबले. हिवाळ्यांत ज्यांना जहाजाभोंवतीं फेरी घालणें जड होत होतें, तींच माणसें आतां दिवसभर बर्फ कापीत होतीं. १४ मार्च रोजीं जहाज बर्फांतून बाहेर पडलें.

या शाळेंत सर्वांत अधिक शिकला तो आमुंडसेन. १९११ सालीं दक्षिण ध्रुवाकडे निघण्यापूर्वीं त्यानें ‘फ्रामहाइम’ या आपल्या तळावर चार महिन्यांची रात्र काढली. तेथील दिनचर्या ‘बेल्जिका’च्या अनुभवावर उभारलेली दिसते. सीलचें ताजें मांस रोजच्या जेवणांत असे. आचारी लिंडस्ट्रोम सकाळीं गरम गरम घावन वाढी. बर्फांत खोल्या खोदून त्यांत कारखाने केले होते. तेथें ठराविक तासांत गाड्या, पेट्या व कपडे दुरुस्त करण्याचें काम चाले, आणि काम संपल्यावर विश्रांतीही तितकीच ठराविक असे. रोज सकाळीं प्रत्येकानें बाहेर जाऊन हवेचें उष्णतामान अंदाजानें सांगावयाचें आणि ज्याचा अंदाज बरोबर ठरेल त्याला बक्षीस, अशी एक स्पर्धा त्यानें लावून दिली. तिचा एक हेतु उघड होता. कोणी कितीही कंटाळलेला असला तरी सकाळीं अंथरुणांतून उठून त्यानें मोकळ्या हवेंत जावें. १४ डिसेंबर १९११ रोजीं तो ध्रुवावर पोंचला, त्याचें श्रेय कुत्र्यांना व स्कीला दिलें जातें तें योग्यच आहे. पण हिवाळ्यांतील या नियोजनालाही तें दिलें पाहिजे.

कूकचें पुढील चरित्र दुःखद आहे. उत्तर ध्रुव आपण प्रथम गांठला हा त्याचा दावा जगानें नाकारला, आणि पुढें तेलाच्या धंद्यांतील फसवणुकीबद्दल त्याला तुरुंगवासही घडला. तरीही १९२६ सालीं आमुंडसेन मुद्दाम तुरुंगांत जाऊन त्याला भेटला. ‘बेल्जिका’वर ज्यानें प्राण वांचविले त्या वैद्याला तो विसरला नव्हता.

अंधाराशीं झगडणारीं माणसें केवळ ध्रुवप्रदेशांतच होतीं असें नाहीं. नॉर्वेमधील र्‍यूकान हें गांव एका अरुंद दरींत वसलें आहे. धबधब्याच्या विजेवर खताचा कारखाना चालविण्यासाठीं सॅम आयडे या उद्योजकानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तें उभारलें. वीज मुबलक, पण सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत डोंगराआडून सूर्य गांवांत उतरत नाहीं. डोंगरावर आरसा बसवून ऊन खालीं पाडावें, ही कल्पना १९१३ सालींच निघाली होती. पण तें तंत्र तेव्हां हातीं नव्हतें. म्हणून १९२८ सालीं कारखान्याच्या कंपनीनें गांवकऱ्यांसाठीं तारेवरून चालणारा पाळणा बांधून दिला. कामगारांचीं कुटुंबें त्यांत बसून डोंगरमाथ्यावर जात आणि ऊन खाऊन परत येत. शंभर वर्षांपूर्वींची ती कल्पना अखेर २०१३ सालीं साकार झाली. गांवाच्या वर सुमारें ४५० मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसविण्यात आले. सूर्याच्या गतीबरोबर ते वळतात आणि गांवच्या चौकांत सुमारें ६०० चौरस मीटरचा उन्हाचा पट्टा पाडतात. त्या पट्ट्यांत लोक खुर्च्या मांडून बसतात.

कूक ज्या गोष्टीचा तर्क करीत होता तिचें शास्त्रीय निदान मात्र बरेंच उशिरा झालें. रात्रीं मेंदूंतील पिनिअल ग्रंथींतून मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य स्रवतें आणि तें शरीराला रात्र झाल्याचें कळवितें. १९८० सालीं आल्फ्रेड लुई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं मनुष्यांत हा स्राव घरांतल्या साध्या दिव्यानें थांबत नाहीं. त्यासाठीं त्याहून कितीतरी प्रखर प्रकाश लागतो. या शोधाचा उपयोग नॉर्मन रोझेंथाल यांनीं केला. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्गचे. अमेरिकेंत आल्यावर तेथील हिवाळ्यांत आपली उमेद मंदावते हें त्यांनीं स्वतः अनुभवलें होतें. १९८४ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २९ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि दर हिवाळ्यांत येऊन वसंतांत ओसरणाऱ्या या विकाराला नांव दिलें. मराठींत त्याला ऋतुजन्य विषाद म्हणतां येईल. प्रखर दिव्यासमोर बसविल्यानें त्यांतील अनेकांना उतार पडला. पुढें, आपल्या डोळ्यांत केवळ पाहण्यासाठीं नव्हे तर दिवस व रात्र ओळखण्यासाठीं निराळ्या पेशी आहेत, हेंही २००२ च्या सुमारास सिद्ध झालें.

आज या उपचाराची रीत ठरलेली आहे. सकाळीं लवकर, सुमारें १०,००० लक्स इतक्या प्रकाशाच्या दिव्यापुढें अर्धा तास बसावें. घरांतल्या दिव्यांचा प्रकाश कांहीं शें लक्सच असतो; उलट ढगाळ हिवाळी दिवशींही दुपारीं बाहेर हजारों लक्स उजेड मिळूं शकतो. म्हणून सकाळचें चालणें हा साधासुधा उपायही बराच गुणकारी ठरतो. ज्यांना डोळ्यांचा विकार आहे किंवा उन्माद व विषाद आलटून पालटून होतात, त्यांनीं दिव्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि ज्याला जीव नकोसा वाटूं लागेल त्यानें तर डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब लावूं नये. व्हरमाँट विद्यापीठांतील संशोधनांत असेंही दिसलें आहे कीं, हिवाळ्याविषयींचे निराशेचे विचार तपासून दिवसाचीं कामें व भेटीगांठी आधींच ठरविण्याची संवाद-चिकित्सा दिव्याइतकाच गुण देते, आणि पुढील हिवाळ्यांत तिचा गुण अधिक टिकतो. आमुंडसेनच्या ठराविक दिनचर्येचेंच हें शास्त्रीय रूप म्हणतां येईल.

उजेडाचा अभाव हें एकच कारण मात्र नव्हे. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, इतक्या उत्तरेस असूनही आइसलंडमधील लोकांत हा विकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षां कमी आढळला. अनुवंश, आहार, समाजाची राहणी यांचाही त्यांत वांटा असावा. उत्तर नॉर्वेंतील ट्रोम्सो शहरांत नोव्हेंबरच्या अखेरीस गेलेला सूर्य २१ जानेवारीस डोंगराआडून पुन्हां दिसतो. त्या दिवशीं मुलें त्याचें स्वागत करतात आणि घरोघरीं गोड गोल पाव खातात. संक्रांतीला सूर्याच्या उत्तरायणाबरोबर तिळगूळ वांटणाऱ्या मराठी घराला यांतलें मर्म निराळें सांगण्याची गरज नाहीं.

‘बेल्जिका’ ज्या अक्षांशावर अडकली होती जवळजवळ त्याच अक्षांशावर, दक्षिण ध्रुवखंडाच्या दुसऱ्या बाजूस, भारताचें ‘मैत्री’ हें केंद्र १९८९ पासून उभें आहे. त्याची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतें. तेथेंही दरवर्षीं मेच्या उत्तरार्धांत सूर्य जातो तो जुलैंत परततो. परंतु तेथें जाणाऱ्यांची शारीरिक व मानसिक तपासणी आधींच होते, सोबत डॉक्टर असतो, कामाची व करमणुकीची आंखणी असते, आणि २१ जूनला हिवाळ्याचा मध्य गांठल्याचा सोहळा होतो. रात्र तेवढीच लांब आहे. ती कशी काढावी याचें ज्ञान मात्र वाढलें आहे. त्या ज्ञानाचा लाभ लंडनच्या खोलींत बसलेल्या विद्यार्थ्यालाही घेतां येतो. त्यानें सकाळचा उजेड चुकवूं नये, जेवण व झोप यांच्या वेळा पाळाव्या, रोज कोणाशीं तरी दोन शब्द बोलावे. आणि त्याच्या घरच्यांनीं त्याला आळशी म्हणण्यापूर्वीं, तेथें आज सूर्य किती वाजतां उगवला, एवढें तरी विचारावें.